बेचाळीसच्या ठरावांतील विसरलेला भाग

इ. स. १९४२ च्या ८ ऑगस्ट रोजीं मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर अखिल भारतीय काँग्रेस समितीनें जो ठराव मंजूर केला, तो आज ‘चले जाव’ या दोन शब्दांनींच ओळखला जातो. दुसऱ्या दिवशीं पहांटेस पुढारी पकडले गेले, देशभर वणवा पेटला आणि त्या धामधुमींत ठरावाचा पुरा मजकूर मागें पडला तो पडलाच. आम्हीं दरवर्षीं वर्गांत हा ठराव आरंभापासून अखेरपर्यंत वाचून दाखवितों. आणि दरवर्षीं एका विशिष्ट ठिकाणीं विद्यार्थ्यांच्या खालीं गेलेल्या माना वर होतात.

तें ठिकाण असें. हिंदुस्थानचें स्वातंत्र्य मागून झाल्यावर ठराव तेथेंच थांबत नाहीं. जगाच्या पुढील शांतीसाठीं व प्रगतीसाठीं स्वतंत्र राष्ट्रांचें एक जागतिक संघराज्य अवश्य आहे, असें तो बजावतो. अशा संघराज्यांत घटक राष्ट्रांचें स्वातंत्र्य सुरक्षित राहील, एका राष्ट्रानें दुसऱ्यावर चालविलेलें आक्रमण व पिळवणूक थांबेल, अल्पसंख्याकांस संरक्षण मिळेल, मागासलेले प्रदेश पुढें येतील आणि जगाची साधनसंपत्ति सर्वांच्या हिताकडे लागेल. मग राष्ट्राराष्ट्रांच्या वेगवेगळ्या सेना, आरमारें व विमानदळें यांची गरज उरणार नाहीं. शांतीचें रक्षण एक सामायिक संघसेना करील. आणि स्वतंत्र हिंदुस्थान अशा संघराज्यांत आनंदानें सामील होईल. जवाहरलाल नेहरूंनीं मांडलेल्या व वल्लभभाई पटेलांनीं अनुमोदन दिलेल्या ठरावाचा हा भाग आहे. एखाद्या एकांतवासी पंडिताचें तें मनोराज्य नव्हे.

एका वर्षीं मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्यानें उठून विचारलें, “सर, जें स्वातंत्र्य अजून हातीं आलें नव्हतें, त्यांतलें अर्धें आधींच देऊन टाकावयाची ही घाई कशासाठीं?” प्रश्न खोंचक होता, पण प्रामाणिक होता. घंटा झाली आणि उत्तर अर्धवट राहिलें. तें पुरें करावें, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

उत्तराच्या शोधार्थ प्रथम दूर जावयास नको. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत मराठ्यांची सत्ता ही व्यवहारांत एका राज्याची सत्ता उरली नव्हती. तें सरदारांचें एक मंडळ झालें होतें. छत्रपति साताऱ्यास, पेशवे पुण्यास. आणि शिंदे, होळकर, भोसले, गायकवाड आपापल्या मुलखांत. प्रत्येकाची फौज निराळी, खजिना निराळा आणि शेवटीं शेवटीं शत्रुमित्रहि निराळे. १८०० सालीं नाना फडणीस निवर्तल्यावर या मंडळास बांधून ठेवणारा उरलासुरला धागाहि तुटला. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं पुण्याजवळ होळकरांनीं पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा मोड केला. ३१ डिसेंबर रोजीं बाजीरावांनीं वसईस इंग्रजांशीं तह केला. पुढील वर्षीं शिंदे व भोसले इंग्रजांशीं लढावयास उभे राहिले, तेव्हां होळकर दूर राहिले आणि गायकवाड तर अगोदरच इंग्रजांच्या आश्रयास गेले होते. १८०३ चा डिसेंबर संपण्यापूर्वीं देवगांव व सुर्जी-अंजनगांव येथें तह होऊन तो डाव आटोपला. मग १८०४ सालीं होळकर लढावयास निघाले, तेव्हां ते एकटे होते.

या कथेंत बाजीरावांचा भित्रेपणा, दौलतरावांची हांव, यशवंतरावांचा संताप हे सर्व आहे, आणि आपल्या बखरींना व नाटकांना तेवढें पुरेसें वाटतें. परंतु मनुष्यस्वभावाचे हे दोष सर्वत्र व सर्वकाळ असतात. ज्या रचनेंत एकाचा रुसवा सर्वांच्या नाशास पुरतो, त्या रचनेचाच दोष मोठा मानला पाहिजे. एकाहून एक पराक्रमी माणसें असूनहि मंडळ बुडालें, कारण सर्वांवर चालेल असा कायदा तेथें नव्हता. होता तो केवळ परस्परांचा शब्द.

जवळ जवळ त्याच काळांत अमेरिकेंतील १३ राज्यांपुढें हाच पेंच उभा होता. इंग्लंडचें जूं झुगारून दिल्यावर १७८१ सालीं त्यांनीं जो आपसांतील करार अमलांत आणला, त्यांत प्रत्येक राज्यास मध्यवर्ती काँग्रेसमध्यें एक मत होतें. काँग्रेसला कर बसविण्याचा अधिकार नव्हता, ती राज्यांकडे पैसे तेवढे मागूं शके. आणि करारांत बदल करावयाचा तर तेराहि राज्यांची संमति लागे. युद्धाचें कर्ज फेडण्यासाठीं आयात मालावर शेंकडा ५ जकात बसवावी अशी योजना निघाली. १७८२ सालीं र्‍होड आयलंड या चिमुकल्या राज्यानें नकार दिला, आणि योजना बुडाली. १७८६ सालीं मॅसॅच्युसेट्समधील कर्जबाजारी शेतकऱ्यांनीं बंड केलें, तेव्हां तें शमविण्यास मध्यवर्ती सत्तेजवळ पुरेसा पैसाहि नव्हता व फौजहि नव्हती. अखेर १७८७ सालीं फिलाडेल्फिया येथें परिषद भरली आणि तिनें जुना करार दुरुस्त करण्याचें सोडून नवें राज्यच निर्माण केलें.

या प्रसंगीं अलेक्झांडर हॅमिल्टन यानें रोगाचें जें निदान केलें, तें आमच्या मतें राजनीतीच्या इतिहासांतील अत्यंत मोलाचें आहे. त्याचा इत्यर्थ असा कीं, जुन्या करारांतील कायदा राज्यांना उद्देशून होता, माणसांना उद्देशून नव्हता. माणसानें कायदा मोडला तर शिपाई त्याला धरतो, न्यायाधीश त्याचा न्याय करतो, आणि शेजारच्या घरीं चूलहि विझत नाहीं. राज्यानें कायदा मोडला तर त्याला धरावयाचें कसें? तुरुंगांत घालतां येत नाहीं. मग दोनच वाटा उरतात: कायदा मोडला हें उघड्या डोळ्यांनीं पाहत बसणें, किंवा साऱ्या राज्यावर फौज नेणें. पहिलीचें नांव नामर्दपणा व दुसरीचें नांव युद्ध. नव्या घटनेनें तिसरी वाट काढली. मध्यवर्ती शासनाचे अधिकार मोजके, पण त्या मर्यादेंत तें थेट नागरिकावर चालेल. आणि तें थेट चालतें म्हणूनच तें निवडण्याचा हक्कहि थेट नागरिकास राहील. लोकसभेंत जागा लोकसंख्येच्या मानानें, सेनेटमध्यें मात्र लहानमोठ्या प्रत्येक राज्यास समान, अशी तडजोड झाली. त्या घटनेनें गुलामांना माणसांत धरलें नाहीं आणि स्त्रियांना मताधिकार दिला नाहीं, हें तिचें मोठें वैगुण्य. गुलामगिरीच्या पापाची फेड १८६१ ते १८६५ च्या यादवीनें करावी लागली. संघराज्य झालें म्हणजे युद्ध अशक्य होतें असें म्हणणारा मनुष्य इतिहास विसरतो. आमचें म्हणणें एवढेंच कीं, संघराज्यांत युद्ध हा अपवाद होतो. निव्वळ मंडळांत तो रोजचा धाक असतो.

आतां या निकषावर विसावें शतक घासून पाहूं. १० जानेवारी १९२० रोजीं राष्ट्रसंघ अस्तित्वांत आला. गंमत अशी कीं, ज्यास स्वतःचें परराष्ट्रधोरण नव्हतें तो हिंदुस्थान त्याचा मूळ सभासद होता, आणि ज्याच्या अध्यक्षानें तो संघ कल्पिला तो अमेरिका देश त्यांत कधींच आला नाहीं. १९३१ सालीं जपाननें मांचुरियांत सैन्य घातलें. संघानें चौकशीमंडळ नेमलें, अहवाल तयार झाला, आणि १९३३ च्या फेब्रुवारींत ४२ विरुद्ध १ मतानें तो मान्यहि झाला. तें एक मत जपानचें होतें. जपानचे प्रतिनिधि सभागृहांतून उठून गेले, पण जपानचें सैन्य मांचुरियांतून उठलें नाहीं. १९३५ सालीं इटलीनें इथिओपियावर स्वारी केली. संघानें व्यापारबंदी पुकारली, पण ज्या तेलावर इटलीचे रणगाडे चालत होते तें तेल तिच्या बाहेर ठेविलें. ३० जून १९३६ रोजीं राज्य गमावलेला सम्राट हेल सिलासी जिनीव्हाच्या सभेपुढें स्वतः उभा राहून न्याय मागत होता. आणि पुढच्याच महिन्यांत जी कांहीं बंदी होती तीहि उठविण्यांत आली.

दुसऱ्या महायुद्धानंतर जगानें धडा घेतला काय? अर्धामुर्धा घेतला. २६ जून १९४५ रोजीं सॅन फ्रॅन्सिस्कोस ५० राष्ट्रांनीं संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेवर सह्या केल्या. सनदेचा आरंभ जगांतील लोकांच्या नांवें होतो. परंतु आंत शिरावें तों लोक कोठेंच नाहींत, सर्वत्र सरकारेंच आहेत. सर्वसाधारण सभेंत प्रत्येक राष्ट्रास एक मत: दहा-अकरा हजार वस्तीच्या तुवालूस एक आणि १४० कोटींहून अधिक लोकांच्या भारतासहि एकच. त्या सभेचे बहुतेक ठराव म्हणजे शिफारसी. आज्ञा करण्याचा अधिकार सुरक्षा समितीस, आणि तेथें पांच राष्ट्रांना नकाराधिकार. सह्या झाल्यावर सहाच आठवड्यांनीं हिरोशिमावर अणुबाँब पडला. म्हणजे ही सनद ज्या जगासाठीं लिहिली, तें जग शाई पुरती वाळण्यापूर्वींच पालटलें.

नकाराधिकाराचें फळ वाचकांनीं स्वतः पाहिलें आहे. २५ फेब्रुवारी २०२२ रोजीं युक्रेनवरील आक्रमणाचा निषेध करणारा ठराव सुरक्षा समितींत आला. ११ मतें अनुकूल पडलीं. भारत, चीन व संयुक्त अरब अमिराती हे तटस्थ राहिले. रशियानें नकार दिला, आणि ठराव पडला. त्या महिन्यांत समितीचें अध्यक्षपद रशियाकडेच होतें. ८ डिसेंबर २०२३ रोजीं गाझांत युद्धबंदी मागणारा ठराव १३ अनुकूल मतें मिळूनहि अमेरिकेच्या एका नकारानें पडला. यांत कोणा एका देशावर ठपका ठेवण्याचा आमचा उद्देश नाहीं. आरोपीच न्यायासनावर बसेल अशी व्यवस्था केल्यावर निकाल काय लागावयाचा, हें गांवच्या पंचायतींतला अडाणी मनुष्यहि सांगेल.

हें खरें कीं, सरकारांच्या करारांनींहि केव्हां केव्हां मोठीं कामें होतात. ओझोनच्या थराचें रक्षण करण्यासाठीं १९८७ सालीं माँट्रिएल येथें झालेला करार अखेर सर्व राष्ट्रांनीं मानला आणि तो फलद्रूप झाला. परंतु तेथें पर्यायी द्रव्यें निर्माण होऊं शकत होतीं व त्याग बेताचा होता. जेथें त्याग मोठा, तेथें करार लटका पडतो. हवामानाविषयींचा १९९७ चा क्योतो करार पाहा: अमेरिकेनें त्यास अखेरपर्यंत मान्यता दिली नाहीं, आणि कॅनडानें मान्यता देऊन २०११ सालीं अंग काढून घेण्याचें जाहीर केलें. ज्या कोंकणच्या किनाऱ्यावर समुद्र चढतो त्या किनाऱ्यावरील कोळ्याला अशा करारांविषयीं विचारणारें, त्याचें मत घेणारें असें एकहि सभागृह जगांत नाहीं.

येथेंच आम्हांला ‘लोकसत्ताक’ या विशेषणाचें महत्त्व दिसतें. जगावर एक सत्ता असावी ही कल्पना जुनी आहे. रोमपासून इंग्लंडपर्यंत प्रत्येक साम्राज्यानें आपल्यापरी ती बाळगली. बेचाळीसच्या मैदानांत जमलेल्या लोकांना सत्तेची ही तऱ्हा चांगलीच ठाऊक होती. कायदा होता, न्यायालयें होतीं, आगगाड्या वेळेवर सुटत होत्या. फक्त कायदा करणाराला निवडण्याचा वा काढण्याचा हक्क प्रजेस नव्हता. म्हणून त्यांनीं एका श्रेष्ठ सत्तेखालीं जग आणा असें म्हटलें नाहीं. स्वतंत्र राष्ट्रांचें संघराज्य करा असें म्हटलें. कायदा सर्वांवर हवा आणि कायद्यांत वांटाहि सर्वांचा हवा, या दोन गोष्टी त्यांनीं एकत्र मागितल्या. पहिली सोडली कीं अराजक, दुसरी सोडली कीं साम्राज्य.

या विचारावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहींत. पहिला आक्षेप जुलमाचा. जर्मन तत्त्वज्ञ कांट यानें १७९५ सालीं शाश्वत शांतीवरील आपल्या निबंधांत एकछत्री जागतिक साम्राज्याचा धोका दाखवून स्वतंत्र राष्ट्रांचा संघच पसंत केला. ही भीति आम्हीं खरी मानतों. एका देशांत जुलूम झाला तर मनुष्य दुसऱ्या देशांत पळून जाऊं शकतो. साऱ्या जगाचें सरकार जुलमी झालें तर पळावयाचें कोठें? म्हणूनच त्या शासनाचे अधिकार मोजून द्यावयाचे: युद्ध, मोठीं शस्त्रास्त्रें, आणि ज्यांस सीमा नाहींत अशा हवा-समुद्रासारख्या वस्तु. शाळा, भाषा, धर्म, जमीन, रोजचा कारभार हें सर्व राष्ट्रांकडेच राहावें, आणि ही मर्यादा राखावयास न्यायालय असावें. शिवाय हेंहि लक्षांत घ्यावें कीं, आज ९ राष्ट्रांजवळ अण्वस्त्रें आहेत, आणि तीं वापरावयाचीं कीं नाहीं हें ठरविणाऱ्या माणसांस उरलेल्या जगानें निवडलेलें नाहीं. जीव दुसऱ्याच्या मुठींत असणें हाच जर जुलूम, तर तो यावयाचा आहे असें नव्हे. तो आलेला आहे.

दुसरा आक्षेप असा कीं, एवढ्या भिन्न भाषांच्या, भिन्न धर्मांच्या व अशिक्षित जनतेचें एक प्रातिनिधिक राज्य होणें नाहीं. हा आक्षेप आपण तरी ओळखला पाहिजे, कारण एके काळीं तो आपल्याविरुद्धच घेतला जात होता. १९५१ च्या शिरगणतींत साक्षरता शेंकडा १८ च्या आसपास भरली. आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत १७ कोटींहून अधिक मतदारांची नांवें यादींत होतीं. निवडणूक झाली, आणि पुढेंहि होत राहिली. पांचशेंहून अधिक संस्थानें या संघराज्यांत विरलीं. कोल्हापूरचें संस्थान १९४९ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. त्यामुळें कोल्हापूरकराचें कोल्हापूरकरपण रतिभरहि उणें झालें नाहीं, उलट जो काल प्रजा होता तो मतदार झाला.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: हें घडणार कसें? मोठीं राष्ट्रें एका रात्रींत शस्त्रें खालीं ठेवणार नाहींत, हें आम्हींहि जाणतों. पण युरोपकडे पाहावें. तीस वर्षांत दोनदां परस्परांचें रक्त सांडलेल्या राष्ट्रांपैकीं सहांनीं १९५१ सालीं कोळसा व पोलाद, म्हणजे युद्धाचींच सामग्री, एका सामायिक अधिकाराखालीं दिली. एका डच वाहतूक कंपनीनें जादा जकातीविरुद्ध दाद मागितली, तेव्हां १९६३ सालीं युरोपच्या न्यायालयानें निर्णय दिला कीं, राष्ट्रांमधील हा करार नागरिकासहि थेट हक्क देतो. हॅमिल्टनचें तत्त्व असें मागल्या दारानें युरोपांत शिरलें. १९७९ सालीं तेथील संसद थेट लोकांनीं निवडली. पुढें ब्रिटननें लोकांचा कौल घेऊन २०२० सालीं तो संघ सोडला. आम्हांस तो निर्णय शहाणपणाचा वाटत नाहीं, पण एक गोळीहि न सुटतां तो अमलांत आला, हेंच त्या व्यवस्थेचें यश होय.

जगासाठींहि अशी पहिली पायरी दाखवितां येते. सनदेचा फेरविचार करणारी परिषद बोलावण्याची तरतूद सनदेंतच आहे. १९५५ सालीं सर्वसाधारण सभेनें अशी परिषद योग्य वेळीं भरवावी असें तत्त्वतः मान्यहि केलें. ती योग्य वेळ अद्याप उगवलेली नाहीं. ती परिषद भरावी, आणि सरकारांच्या सभेशेजारीं लोकांनीं थेट निवडलेली दुसरी सभा असावी, प्रथम केवळ सल्ल्यापुरती असली तरी चालेल. दुसरी पायरी तयार आहे: १९९८ सालीं रोम येथें ठरलेलें व २००२ पासून चालू झालेलें आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. तें राष्ट्रांचा नव्हे, माणसांचा न्याय करतें. अमेरिका, रशिया, चीन व भारत हे चारहि देश त्याच्या बाहेर आहेत. सुरक्षा समितीस त्या न्यायालयांत ढवळाढवळ करतां येते हा भारताचा आक्षेप खोटा नाहीं. परंतु त्यावरचा उपाय बाहेर राहणें नव्हे, त्या समितीचाच नकाराधिकार मोडणें हा होय.

आणि येथें आमच्या मनांतील सल आम्हीं लपवीत नाहीं. बेचाळीस सालीं आपल्या पुढाऱ्यांनीं जगासाठीं कायदा मागितला. आज आपण सुरक्षा समितींत कायमची जागा मागतों. मागणी न्याय्य आहे. एवढ्या मोठ्या लोकसमूहास तेथें जागा नसावी हें लाजिरवाणें आहे. पण दरबारांत एक मानाचें आसन मिळविणें आणि दरबार मोडून सभा स्थापन करणें, या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिलीनें आपला मान वाढेल. युक्रेनमधल्या किंवा गाझांतल्या मुलाचा जीव दुसरीनेंच वांचेल.

असो. त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळूं. ज्या दिवशीं मनुष्यानें सूड घेण्याचा आपला खासगी अधिकार न्यायालयाच्या हवालीं केला, त्या दिवशीं त्याचें स्वातंत्र्य अर्धें झालें नाहीं. रात्रीं दार लावून निर्धास्त निजण्याचें स्वातंत्र्य त्याला प्रथमच मिळालें. राष्ट्राचेंहि तसेंच आहे. युद्ध करण्याची मुभा हा स्वातंत्र्याचा अर्धा भाग नव्हे, तें त्याच्यावरचें कर्ज आहे, आणि त्याचें व्याज प्रत्येक पिढीची तरुण मुलें भरीत आलीं आहेत. गवालिया टँकवर जमलेल्या मंडळीस हें कळलें होतें, म्हणून तुरुंगाच्या वाटेवर असतांनाहि त्यांना हा भाग ठरावांतून गाळावासा वाटला नाहीं. येत्या वर्षींहि आम्हीं तो ठराव वर्गांत वाचणार आहों, आणि त्या ठिकाणीं आल्यावर थोडें थांबणार आहों. या खेपेस घंटा होण्यापूर्वीं उत्तर पुरें करण्याचा आमचा निश्चय आहे.